ओल्ड्समोबाइल ५.७ डिझेल: दोष ब्लॉकचा, बोल्टचा की डिझेलमधल्या पाण्याचा?

आयटीआय_परभणी (प्रश्न)

डिझेल मेकॅनिकच्या पोरांना हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या सीलचा, धडा शिकवायचाय. उदाहरण म्हणून जनरल मोटर्सचं ते बदनाम ५.७ लिटर व्ही-८ डिझेल घ्यावं म्हणतोय, जे १९७८ च्या मॉडेलपासून ओल्ड्समोबाइल गाड्यांत आलं. पण जिथं बघावं तिथं एकच वाक्य: "पेट्रोलच्या इंजिनाला डिझेलचं हेड बसवलं, म्हणून वाट लागली." पोरं ते लगेच पाठ करतील. मला मात्र ते गळी उतरत नाही. आपल्या अँबेसिडरचं १४८९ सीसी डिझेल बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजमधलं, म्हणजे पेट्रोलच्याच घराण्यातलं. फोक्सवॅगनचं पहिलं १.५ लिटर डिझेलही पेट्रोल इंजिनावरूनच काढलेलं. ती दोन्ही चालली. मग हेच का बसलं?

मोडतोड कोणत्या क्रमानं व्हायची, कशामुळे व्हायची, आणि आज तसल्या जातीच्या इंजिनाचं हेड बसवताना काय पाळायचं, एवढं नेमकं कुणी सांगेल का? आकडे असतील तर उत्तम, फळ्यावर मांडता येतील.

---

शेंद्रा_टूलरूम

सर, तुमची शंका रास्त आहे. आधी त्या "पेट्रोलचा ब्लॉक"चं बघू. ब्लॉक पेट्रोलचा नव्हता. बोअर-स्ट्रोकची (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल) मापं पेट्रोलच्या ३५० क्युबिक इंचाचीच ठेवली, पण ओतकाम वेगळं आणि जाड होतं. क्रँकचे मेन जर्नल पेट्रोलला अडीच इंचाचे, डिझेलला तीन इंचाचे. ब्लॉक इतका दणकट निघाला की पुढं रेसिंगवाले डिझेलचा ब्लॉक शोधून आणायचे आणि त्यात पेट्रोलचं सामान भरायचे.

पेट्रोलचं जे जसंच्या तसं राहिलं, ते म्हणजे हेडच्या बोल्टांची मांडणी. एका हेडला दहा बोल्ट, प्रत्येक सिलिंडरभोवती चार. का? कारण भोकं पाडणारी मशिनं तीच वापरायची होती. बोल्टांची जागा हलवली की अख्खी लाइन बदलावी लागते.

आता फळ्यासाठी हिशोब. पेट्रोलमध्ये स्फोटाचा दाब ४५ बार आणि प्री-चेंबरच्या डिझेलमध्ये (ज्यात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं) ७५ बार धरू. नेमके आकडे इंजिनागणिक बदलतील, तुलनेला एवढे पुरे. एक बार म्हणजे साधारण एक किलो प्रति चौरस सेंटीमीटर.

ओल्ड्सचा बोअर १०३ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ८३ चौ. सेंमी. पेट्रोलवर हेडला वर ढकलणारा जोर पावणेचार टन. डिझेलवर तोच सव्वासहा टन. एका वेळी एकच सिलिंडर पेटतो, त्यामुळे हा भार त्याच्या भोवतीच्या चार बोल्टांवर येतो. म्हणजे बोल्टामागे एक टनाच्या आतला झटका दीड टनाच्या वर गेला. दोन हजार आरपीएमला प्रत्येक सिलिंडर मिनिटाला हजार झटके देतो.

आता फोक्सवॅगन घ्या. चार सिलिंडरला तिथंही दहाच बोल्ट, प्रत्येकाभोवती चारच! पण बोअर ७६.५ मिमी. क्षेत्रफळ ४६ चौ. सेंमी, ७५ बारला जोर साडेतीन टनांच्या आत. म्हणजे फोक्सवॅगनच्या डिझेलचा झटका ओल्ड्सच्या पेट्रोलपेक्षाही कमी. अँबेसिडरचा बोअर ७३ मिमी, तिथं तर सव्वातीन टनांच्याही आत.

इंजिनाचं घराणं पेट्रोलचं की डिझेलचं हा मुद्दाच नाही. मोठ्या बोअरला लहान बोअरचे बोल्ट पुरत नाहीत, एवढंच आहे. जनरल मोटर्सनं नंतर ४.३ लिटर व्ही-६ डिझेल काढलं, त्यात बोल्टांची मांडणी बदलून बोल्ट वाढवले. हेडची तक्रार तिथं बरीच कमी झाली. चूक कुठं होती हे त्यांना उमगलं होतं, फक्त उशिरा.

---

जालना_हेडवर्क

टूलरूमवाल्या दादांनी हिशोब झकास मांडला. लोक उगीच ब्लॉकला नाव ठेवायलेत. मी पुढचं सांगतो, बोल्ट ढिला पडल्यावर काय होतं ते.

बोल्ट म्हणजे स्प्रिंग हो. आवळला की तो ताणतो, आणि त्या ताणानं हेड दाबून धरतो. कायमचा लांबला की दाब गेला. गॅस्केट तिथं श्वास घ्यायला लागतं. आधी गॅस पाण्याच्या जॅकेटमध्ये जातो, रेडिएटरला बुडबुडे येतात. गाडी बंद करून ठेवली की उलटं होतं: सिस्टीममध्ये दाब असतो, सिलिंडर रिकामा, मग पाणी सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी सेल्फ मारला की ठक्. पाणी काही दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, पिस्टन फुटतो, कधी क्रँकच जातो.

पेट्रोलच्या इंजिनातही गॅस्केट जातं, पण तिथं एवढा सत्यानाश होत नाही. त्याचं कारण फळ्यावर मांडा, सर. ५.७ लिटर भागिले आठ, एका सिलिंडरचे ७१२ सीसी. डिझेलचं कॉम्प्रेशन २२.५ ला १. पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा फक्त ३३ सीसी. पेट्रोलला ८ ला १ धरलं तर १०० सीसीच्या वर जागा उरते. म्हणजे डिझेलमध्ये दोन मोठे चमचे पाणी आलं की रॉड वाकला. कटिंग चहाच्या निम्म्यानं इंजिन खलास!

दुसरी गोम दुरुस्तीत होती. तिथले मेकॅनिक जन्मभर पेट्रोलवर काम केलेले. गॅस्केट गेलं? नवं गॅस्केट टाकलं आणि तेच ताणलेले बोल्ट परत आवळले. टॉर्क पाना बरोबर आकडा दाखवतो, क्लिक पण होतो. पण लांबलेला बोल्ट त्या आकड्याला पुरेसा दाबत नाही. मग थोड्या दिवसांनी तीच गाडी त्याच तक्रारीनं दारात. नाव मात्र इंजिनाचं गेलं.

आता हेड बसवताना काय पाळायचं ते. प्री-चेंबरचं कुठलंही डिझेल घ्या.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय हेड खोलू नका. बोल्ट बाहेरून आत, दोन-तीन फेऱ्यांत सोडा. हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फीलर गेज घाला. पानाची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. मॅन्युअल नसेल तर ०.०५ मिमीचं पान खालून गेलं की सावध व्हा. ब्लॉकचा माथाही तसाच तपासा. निम्मे लोक फक्त हेड बघतात, ब्लॉक बघत नाहीत. प्री-चेंबरची टोपी हेडच्या पातळीत हवी. खाली बसलेली असेल तर गॅस्केट तिथंच जळणार, कितीही भारी आणलं तरी.

फेसिंग मारायची घाई नको. सपाट डिझेल हेड घासलं की टोपी आणि व्हॉल्व्ह दोन्ही पिस्टनच्या जवळ येतात. काही कंपन्या घासायची परवानगीच देत नाहीत.

बोल्टाची भोकं टॅप फिरवून साफ करा, हवा मारा. तळ बंद असलेल्या भोकात तेल-पाणी राहिलं तर बोल्ट तळातल्या तेलावर दाबतो. पाना म्हणतो आवळला, आणि प्रत्यक्षात ब्लॉकला तडा. आट्यांना आणि बोल्टाच्या टोपीखाली इंजिन ऑइलचा हलका हात. लावलेल्या टॉर्कमधला जेमतेम दहावा हिस्सा ताणात जातो, बाकी सगळं घर्षण खातं. म्हणून कोरडा बोल्ट खोटा आकडा देतो.

आवळताना मधून बाहेर, गोलाकार, तीन टप्प्यांत. शेवटचा टप्पा अंशात दिला असेल तर टोपीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका मारा आणि ठिपका बघून फिरवा, अंदाजानं नाही. अंशात आवळायचे बोल्ट एकदाच वापरायचे. वापरले, सोडले, भंगारात. तिथं कंजुषी नको.

---

पंप_नोझल_लातूर

हेडचं झालं. पण त्या गाड्या रस्त्यात बंद पडायच्या त्यातल्या कितीतरी पंपामुळे, आणि तिकडं कुणाचं लक्ष जात नाही.

पंप स्टॅनाडाइनचा डीबी२, रोटरी. या जातीच्या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. आतली फट काही मायक्रॉनची. तिथं पाण्याचा थेंब आला की गंज, गंज आला की रोटर अडकला. आणि सुरुवातीच्या गाड्यांत वॉटर सेपरेटरच दिलेला नव्हता. खर्च वाचवला. त्या काळी तिथल्या डिझेलमध्ये पाणी सापडणं नवीन नव्हतं, टाक्या ट्रकवाल्यांच्या भरवशावर चालायच्या.

मग मालक काय करायचे? पेट्रोलच्या गाडीत पाणी आलं की टाकीत अल्कोहोलची बाटली ओतायची त्यांची जुनी सवय. तेच डिझेलमध्ये केलं. या पंपात गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवरणारी यंत्रणा) वजनांना धरणारी एक लवचीक प्लास्टिकची रिंग असते. डिझेलमध्येही ती वयानुसार ठिसूळ होते, अल्कोहोलनं तर लवकरच. तिचे काळे कण सुटतात आणि पंपाच्या वरच्या रिटर्नच्या तोंडाशी बारीक गोळीची झडप असते, तिथं जाऊन बसतात. परतीचं डिझेल अडलं की पंपाच्या पोटात दाब वाढतो, इंजिन आयडलला मरतं, मग सुरूच होत नाही.

ओळखायला सोपं. रिटर्नचा नट काढा, पांढऱ्या कपड्यावर झटका. काळे दाणे पडले म्हणजे रिंग गेली. तो नट धुऊन लावला तर गाडी सुरू होईल, आणि चार दिवसांनी पुन्हा बंद पडेल. पंप बेंचवर घेऊन रिंग नसलेला सुधारित गव्हर्नर केज टाकणं हाच खरा उपाय, सोबत कॅलिब्रेशन.

आपल्याकडं आजही शिकवण्यासारखं यात बरंच आहे. शेतात ड्रममध्ये डिझेल ठेवतात. ड्रम एका बाजूला किंचित कलता ठेवा, सक्शनचा पाइप तळापासून चार बोटं वर. ड्रम भरला त्याच दिवशी त्यातून काढू नका, पाणी-गाळ बसू द्या. पावसाळ्यात अर्धा रिकामा ड्रम म्हणजे रात्रीच्या दवाला आमंत्रणच. फिल्टरच्या खालचा निचऱ्याचा स्क्रू अर्धा आटा सोडून पारदर्शक बाटलीत कपभर काढा आणि पाच मिनिटं उजेडात धरा. पाणी खाली वेगळं बसतं, मधली रेघ डोळ्यांना दिसते. नुसतं बोट बुडवून कळत नाही. आणि टाकीत स्पिरिट, थिनर, काहीही "पाणी खाणारं" ओतू नका.

---

बीड_बायपास

अमेरिकेला डिझेल कधी जमलंच नाही, एवढ्यात विषय संपतो. त्यांच्या त्या मिलिटरीच्या हमवीतही हेच इंजिन होतं ना?

---

शेंद्रा_टूलरूम

नाही भाऊ. हमवीतलं ६.२ लिटर वेगळं. ते जनरल मोटर्सच्याच डेट्रॉइट डिझेल विभागानं डिझेल म्हणूनच आखलेलं, १९८२ च्या मॉडेलपासून पिकअपमध्ये आलं. दोन्ही व्ही-८, दोन्ही जनरल मोटर्सची, म्हणून गल्लत होते. ५.७ ची बदनामी त्याच्या माथी मारू नका.

"जमलंच नाही" हेही खरं नाही. १९३० च्या जानेवारीत कमिन्स इंजिन कंपनीच्या क्लेसी कमिन्सनं पॅकार्ड गाडीत आपलं डिझेल बसवून इंडियानापोलिसहून न्यू यॉर्क गाठलं, डिझेलचा खर्च १ डॉलर ३८ सेंट. १९६९ मध्ये चेकर टॅक्सी पर्किन्स डिझेलसह मिळायची. जमलं नाही ते घाईत केलेलं काम.

---

मोंढा_नांदेड

घाई कशाची होती तेही धड्यात घ्या, नाहीतर पोरांना वाटेल इंजिनिअर बिनडोक होते. १९७५ च्या कायद्यानं प्रत्येक कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी मायलेजला किमान मर्यादा घातली. १९७८ ला गॅलनला १८ मैल, १९८५ ला २७.५. जनरल मोटर्सचा धंदा दोन टनांच्या जवळ जाणाऱ्या गाड्यांचा. त्या लहान न करता सरासरी वर काढायची तर डिझेल. १९७९ मध्ये इराणमुळे तेल भडकलं आणि गिऱ्हाइकांची रांग लागली. १९८० च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये तर डिझेलच स्टँडर्ड होतं. पेट्रोल हवं असेल तर वेगळं मागायचं!

५.७ लिटरमधून ताकद १२० हॉर्सपॉवर, पुढं १०५ वर आणली. त्यामागं बऱ्याच गाड्यांत टीएचएम २०० गिअरबॉक्स, जो हलका होता आणि पेट्रोलच्या गाड्यांतही नावाजलेला नव्हता. त्यात टायमिंग चेन. पेट्रोलला चेन थोडी सैल झाली तर डिस्ट्रिब्युटर फिरवून भागतं. इथं पंपही त्याच चेनच्या मागं होता, सैल झाली की डिझेल उशिरा पडतं, धूर आणि उष्णता वाढते. म्हणजे गिऱ्हाइकाला एकाच गाडीत तीन-चार दुखणी, आणि सगळ्यांवर लेबल एकच: डिझेल.

१९८३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या समझोत्यात हा गिअरबॉक्स, काही पेट्रोल इंजिनांचे कॅमशाफ्ट आणि डिझेलचा इंजेक्शन पंप या तिन्हींच्या तक्रारी लवादाकडे नेण्याची सोय झाली. १९८५ नंतर उत्पादन बंद. फोर्डनं माझदाचं २ लिटर डिझेल एस्कॉर्टमध्ये आणि बीएमडब्ल्यूचं २.४ टर्बोडिझेल लिंकनमध्ये दिलं, तीही चालेनात. १९८६ ला तेलाचे भाव कोसळल्यावर डिझेल घ्यायचं कारणच उरलं नाही.

---

आयटीआय_परभणी

सगळ्यांचे आभार. एक शंका राहिली. त्याच काळात, त्याच डिझेलवर, त्याच थंडीत मर्सिडीज २४०डी तिथं नावारूपाला आली. मग पाणी आणि वाईट डिझेल एवढं सगळ्यांना का नाही बाधलं?

---

पंप_नोझल_लातूर

सर, २४०डी चं इंजिन म्हणजे ओएम ६१६, २.४ लिटर, चार सिलिंडर. पोरांना ते दाखवायला अमेरिकेत जायला नको. तेच इंजिन लायसन्सवर आपल्याकडे बनायचं आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमध्ये बसायचं. परभणी-जिंतूर रोडला काळी-पिवळी ट्रॅक्स सापडली तर बॉनेट उघडून दाखवा.

त्यात पंप इनलाइन, त्याच्या कॅमला वंगण इंजिन ऑइलचं. प्रत्येक सिलिंडरला वेगळं एलिमेंट, म्हणजे डिझेल ढकलणारा वेगळा दट्ट्या. पाणी त्यालाही वाईटच, पण तो सहन जास्त करतो, आणि एक एलिमेंट खराब झालं तरी गाडी तीन सिलिंडरवर घरी येते. रोटरीत एकच रोटर चारी-आठी सिलिंडरांना पुरवतो, तो अडकला की गाडी जागेवर. शिवाय ते इंजिन पहिल्या रेघेपासून डिझेल म्हणून काढलेलं, आणि मर्सिडीजचे मेकॅनिक डिझेल ओळखणारे. ताकद साठ-सत्तर हॉर्सपॉवर, चढाला मागचे हॉर्न वाजवायचे. पण घरी पोचवायची.

---

जालना_हेडवर्क

ट्रॅक्स उघडणारच असाल तर रेडिएटरचं झाकणही उघडा, गार असताना. आपल्याकडं लोक बोअरचं पाणी ओततात. क्षार जॅकेटमध्ये पापुद्र्यासारखा बसतो, आणि तो आधी साचतो शेवटच्या सिलिंडरमागं, जिथं पाणी मंद फिरतं. हेड तिथंच तापतं आणि तिथंच वाकतं. मग बोल्ट कितीही चांगला असो. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी, त्यात कूलंट, डब्यावर दिलेल्या प्रमाणात.

---

आयटीआय_परभणी

शेवटचं एक. अंशात न आवळायचे, जुन्या पद्धतीचे बोल्ट परत वापरता येतात असं तुमच्या बोलण्यावरून दिसतं. ते लांबलेत की नाही हे वर्गात कसं दाखवू?

---

जालना_हेडवर्क

दोन रीती. नवा बोल्ट आणि जुना बोल्ट टोपी खाली करून काचेवर शेजारी उभे करा, वर पट्टी आडवी ठेवा. पट्टी कलली म्हणजे जुना लांबला. व्हर्नियरनं आकडाही लिहून घ्या.

दुसरी रीत पोरांना जास्त लक्षात राहते. त्याच आट्याचा नवा नट जुन्या बोल्टावर नुसत्या बोटांनी फिरवत न्या. टोकाकडून सुरळीत जाईल आणि आट्यांच्या मध्यावर कुठंतरी अडेल. तिथं आट्यांचं अंतर वाढलेलं असतं. नखानं चाचपलं तर कंबर बारीक झालेली लागते. पाना न लावता नट शेवटपर्यंत गेला नाही तर तो बोल्ट बाजूला. आणि एक बोल्ट गेला असेल तर त्या हेडचे सगळे बदला. नऊ जुने आणि एक नवा असं केलं की भार नव्यावर येतो आणि दाब वाकडा पडतो.

भोकात उलटा कपडा कोंबून ठेवायला विसरू नका, पोरं नट आत पाडतात.